बाबांची मूठ आणि मिठाचं पाणी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एका खोलीत चार म्हातारे बसवा. त्यांना सांगा, तुमच्यातल्या निम्म्यांना औषध दिलंय आणि निम्म्यांना मिठाचं पाणी, पण कुणाला काय ते कुणालाच माहीत नाही. मग दार लोटून घ्या आणि बाहेर स्टुलावर बसा. संध्याकाळपर्यंत पोतं भरतं!

मी असाच स्टुलावर बसायचो. रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, फिजिओथेरपीच्या शेजारच्या खोलीबाहेर. फिजिओथेरपीचं कॉलेज मी पुण्यात तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते विचारू नका. घरचे, शेजारचे, लग्नात भेटलेले, मयतीत भेटलेले, सगळे विचारून झालेत.

खोलीत ट्रायल चालू होती. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला की पुष्कळांचा हात लुळा राहत नाही, उलट आखडतो. कोपर वाकतं, मूठ मिटते आणि उघडायचं नाव घेत नाही. त्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. आखडलेल्या स्नायूत एक इंजेक्शन देतात, त्याने तो काही महिने सैल पडतो. ते इंजेक्शन किती द्यायचं, कधी द्यायचं, त्याचा हा अभ्यास.

म्हातारी माणसं गोड असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस त्या खोलीत काढावा. हात आखडलेला असतोच, पण हातापेक्षा डोकं जास्त आखडलेलं असतं आणि त्याला अजून इंजेक्शन निघालेलं नाही.

त्यातला सगळ्यात कडू म्हातारा म्हणजे माझे बाबा.

*

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत जिल्ह्यातलं एक वळण त्यांच्या हाताखालून सुटलेलं नाही. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत झटका आला. डावी बाजू गेली. पाय सुधारला, ओढत का होईना चालतात. पण डावा हात कोपरात वाकून बसला आणि मूठ अशी मिटली, जशी अजून गिअरच्या दांड्यावरच आहे. आई रोज ती एकेक बोट सोडवून आतून धुते, पुसते, पावडर लावते. नखं तळव्यात रुततात. मूठ उघडणार की नाही, आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. म्हणजे एक होता, माझं कॉलेज. पण तो जेवताना निघायचा.

पहिल्या दिवशी मी त्यांना नुसता घेऊन गेलो होतो. शेवडे मॅडम, ट्रायलच्या मुख्य डॉक्टर, शांतपणे समजावत होत्या.

"काका, इंजेक्शनात औषध असेल किंवा मिठाचं पाणी. तुम्हाला कळणार नाही. मलाही कळणार नाही."

"तुम्हाला पण नाही?"

"नाही. म्हणून तर निकाल खरा येतो."

बाबा म्हणाले, "मॅडम, मी स्टँडवर गाडी लावून पॅसेंजरला सांगितलं असतं, की गाडी मंडणगडला जाणार की राजापूरला ते ड्रायव्हरलाही माहीत नाही, तर कोण चढलं असतं का?"

मॅडमना हसू आवरेना. "पण काका, गाडी शेवटी स्टँडवरच येणार आहे. शेवटपर्यंत जे राहतील त्या सगळ्यांना खरं औषध मिळणार. मध्येच उतरलात तर मात्र नाही."

हे बाबांना पटलं. त्यांनी पेन घेतलं आणि उजव्या हाताने झोकात सही ठोकली.

मग मॅडमनी विचारलं, "मूठ उघडली तर पहिलं काय करायला आवडेल?" हे प्रत्येकाला विचारतात. कुणी म्हणतं शर्टाचं बटण लावेन, कुणी म्हणतं भजनात टाळ धरेन.

बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ह्याच्या कानाखाली काढीन."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काका, असं लिहिता येत नाही."

"मग काय लिहिता येतं?"

"काहीतरी उपयोगाचं."

"ह्याच्याइतकं उपयोगाचं आमच्या घरात दुसरं काही नाही."

मॅडमनी 'हात उघडून पुढे नेणे' असं लिहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "तू काय करतोस?"

"फिजिओ. अर्धं."

"अर्धं चालेल. पेशंटना फोन करायला, आणायला-सोडायला माणूस हवाय. फक्त बाबांची तपासणी चालू असताना तू आत यायचं नाहीस."

अशी मला नोकरी लागली. कानाखाली खाण्याच्या मुलाखतीत सिलेक्ट झालेला मी पहिलाच असेन.

*

इंदूआजी संगमेश्वरकडची. तिचाही डावाच हात. दर आठवड्याला फोन करून मी विचारायचं, हात कसा आहे, दहापैकी किती मार्क द्याल.

"आजी, हात कसा आहे?"

"कसला नि काय! आहे तसाच."

"किती मार्क?"

"शून्य टाक. आणि थांब जरा, नारळ खवतेय."

"एका हाताने?"

"एका हाताने नारळ खवतात काय, मेल्या? दोन्ही हातांनी!"

"मागच्या महिन्यात तुम्हाला वाटी धरता येत नव्हती."

"मग?"

"मग बरा आहे की हात! पाच तरी लिहू?"

"गप! दृष्ट लावशील. शून्य म्हणजे शून्य."

ही एकटी इंदूआजी नाही. आमच्या जिल्ह्यात 'बरं आहे' म्हणायची पद्धतच नाही. बरं म्हटलं की नजर लागते, नाहीतर समोरचा काहीतरी मागतो. त्यामुळे काजू कितीही येवोत, पीक 'यंदा काय नाय' असतं, आणि हात कितीही सुटो, मार्क शून्य असतात.

हात मोजायला कोल्हापूरहून पाटील सर यायचे. त्यांनी मार्कांचे कागद बघितले आणि डोकं धरलं.

"आमच्याकडं पेशंट मरायला टेकला तरी म्हणतोय, एकदम झकास! तुमच्याकडं चालत येतोय, चहा पितोय, आणि म्हणतोय, संपलो! कसा करायचा वो अभ्यास?"

मॅडमनी पुण्याच्या मुख्य ऑफिसला विचारलं. तिथून उत्तर आलं, पेशंटला नीट समजावून सांगा. म्हणून मी इंदूआजीला तासभर फोनवर समजावलं, की खरे मार्क दिले तर पुढच्या शेकडो लोकांचं भलं होईल.

"शेकडो लोकांचं?" ती विरघळली. "मग टाक अर्धा."

*

पाटील सरांनी फक्त हात मोजायचा. कुणाला काय टोचलंय ते त्यांनी विचारायचं नाही, पेशंटनी सांगायचं नाही. त्यांनी हात धरून झटकन सरळ करायचा आणि आतून किती अडतो ते बघायचं. अट एकच, पेशंटने हात सैल सोडायचा.

बाबांच्या वेळी मी बाहेर होतो. दाराला फट होती.

"काका, सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडला."

"मी सोडलाय. तो सोडत नाही."

सरांनी ओढला. बाबा भडकले. "अहो साहेब, गिअर असा ओढतात? क्लच कोण दाबणार?"

आणि बाबांनी खुर्चीत बसल्याबसल्या डावा पाय जमिनीवर जोरात दाबला! जोर लावला की हात अजून आखडतो, हे तिसऱ्या वर्षापर्यंत शिकलेल्या मलाही माहीत होतं. कोपर फटकन मिटलं, सर हातासकट बाबांच्या छातीवर जाऊन आदळले.

दोघं नाकाला नाक लावून एकमेकांकडे बघत होते.

"क्लच प्लेट गेलीय," बाबा म्हणाले.

*

हॉस्पिटलची व्हॅन मी चालवायचो. इंदूआजीला संगमेश्वरहून आणायची तर वाट हायवेची, आणि बाबा म्हणायचे, मीही येतो, घरी काय करू? म्हणजे मी चालवणार आणि बाबा शेजारी बसून चालवणार. मी दुसरा गिअर टाकायच्या आत त्यांची बंद मूठ हवेत हलायची.

"हॉर्न!"

"रस्ता मोकळा आहे, बाबा."

"मोकळा आहे म्हणून हॉर्न. कुणी असता तर दिसला असता!"

एकदा स्पीडब्रेकर आला. मी ब्रेकवर पाय नेतच होतो. बाबांना तेवढाही दम निघाला नाही. त्यांनी उजव्या हाताने हॅन्डब्रेक असा खेचला की व्हॅन जागच्या जागी उभी! इंदूआजीने डॉक्टरीणबाईंसाठी आणलेले नारळ मागून गडगडत येऊन माझ्या पायाशी.

मी ओरडलो. बाबा ओरडले. मागच्या ट्रकवाल्याने आमच्या दोघांच्या खानदानाचा उद्धार केला.

इंदूआजी शांतपणे म्हणाली, "ड्रायव्हर, हाताला इंजेक्शन झालं. आता तोंडाला कधी?"

तिला हे इंजेक्शन तोंडालाही देतात हे कसं कळलं, ते वेगळंच. तिच्या नातीने मोबाईलवर दाखवलं, नट्या हेच औषध सुरकुत्या घालवायला चेहऱ्यावर घेतात. त्या दिवशी आजी टेबलावर झोपली, हात पुढे केला आणि मॅडमना हळूच म्हणाली, "उरलंसुरलं कपाळाला मार हां. टाकू नको फुकट."

*

आता मुख्य घोटाळा.

धोंडू गुरव आमच्या गावच्या देवळाचा गुरव. त्याचाही हात आखडलेला, तोही ट्रायलमध्ये. आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. पाषाण ओला करायचा, दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, मुलीचं कुठे जमवायचं, सगळं असंच.

औषध कुणाला आणि मिठाचं पाणी कुणाला, हे डॉक्टरना माहीत नाही म्हटल्यावर धोंडू गुरवाने ज्याला माहीत असणार त्यालाच विचारलं!

पुढच्या भेटीला तो खोलीत आला आणि कंडक्टर स्टॉप पुकारतो तसा निकाल पुकारला. "मला खरं औषध. इंदूला खरं औषध. ड्रायव्हरला मिठाचं पाणी."

स्वतःला खरं निघालं, हे सांगायला नकोच.

शेवडे मॅडम नियमाच्या पक्क्या. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

"सर, पेशंटना कळलंय कुणाला काय दिलंय ते. म्हणजे त्यांना तसं वाटतंय."

पलीकडून आरडाओरडा. "कुणी सांगितलं? नाव सांगा!"

मॅडमनी डोळे मिटले. "ग्रामदेवतेने."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज, मग प्रश्न आला, "त्या तुमच्या स्टाफवर आहेत का?"

*

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. घरी आले आणि चपला कोपऱ्यात सारल्या.

"संपलं. मी जाणार नाही."

"शेवटचं इंजेक्शन राहिलंय. ते खरं आहे, सगळ्यांना खरं."

"एवढे दिवस मीठ टोचलंत मला. मी काय लोणच्याची कैरी आहे?"

आई चुलीपुढून उठली आणि त्यांच्या मुठीकडे बघत उभी राहिली. ते बघून मी भडकलो.

"एक कळी पडली म्हणून मूठ आयुष्यभर बंद ठेवणार? अक्कल आहे का काही?"

"मी निदान देवाला विचारून सोडतोय," बाबा म्हणाले. "तू कॉलेज सोडलंस ते कुणाला विचारून?"

मी दार आपटून बाहेर गेलो, आणि थेट धोंडू गुरवाकडे. त्याला म्हटलं, तू घातलेला घोळ आहे, तूच निस्तर. तो वरमला होता. मॅडमनी त्याची चांगली हजेरी घेतली होती.

"पुन्हा कौल लावू," तो म्हणाला. "पण औषध कुठलं, ते विचारायचं नाही. ड्रायव्हरने पुढे जायचं की नाही, एवढंच."

मी, देवळाची पायरी कामाशिवाय न चढणारा माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घेऊन देवळात उभा. धोंडूने डाव्या आखडलेल्या हाताच्या बेचक्यात नारळ धरला, उजव्याने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गुरवाच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. जमलेला मी एकटाच. बाबा तर फिर्यादी!

"बा देवा म्हाराजा! आज हा तुझा लेकरू ड्रायव्हर, जिल्हाभर माणसं सुखरूप पोचवलीन, त्याची मूठ मिटली हाय..."

"व्हय म्हाराजा."

"ती सोडव, नि त्याच्या मनातला राग पण सोडव..."

"व्हय म्हाराजा!"

"नि त्याचा हा झील, ज्याने बापाचं पैसं पुण्यात बुडवलंन..."

मी गप्प. धोंडूने एक डोळा उघडला. बाबांनीही. गाऱ्हाणं मध्ये तोडता येत नाही.

"...व्हय म्हाराजा."

"जो कुणाचं ऐकत नाय, वडीलधाऱ्यांना अक्कल शिकवतो..."

"व्हय म्हाराजा."

"ज्याचं शिक्षण अर्धं, नोकरी अर्धी, दाढी पण अर्धी..."

"व्हय म्हाराजा! आटप ना रे!"

"...त्याला पण कायतरी बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!!" एवढ्या मोठ्याने मी ओरडलो, की गाभाऱ्यातून पाकोळी उडाली. आणि उजवी कळी पडली.

"वाऱ्याने पडली," मी म्हणालो.

"वारा तुझ्या तोंडाचा," बाबा म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

*

शेवटचं इंजेक्शन झालं. सगळ्यांना खरं. आधी कुणाला काय होतं, ते अजूनही पुण्याच्या कुलुपात आहे. काही आठवडे आईने रोज हात शेकला, मी रोज ताणून दिला. एवढं मला येतं. बाबा रोज म्हणायचे, "चुकीचं ताणतोयस." मी रोज म्हणायचो, "मग तुम्ही ताणा."

शेवटच्या तपासणीला मॅडमनी तिघांना एकत्र बोलावलं. पाटील सरांनी बाबांचा हात मोजला, कागद मॅडमना दिला आणि पहिल्यांदाच सरांच्या तोंडावर हसू दिसलं. मला आत बोलावलं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय? मी लिहिलं नव्हतं, पण आठवणीत ठेवलंय."

"आठवतंय," बाबा म्हणाले. "ये इकडे."

मी पुढे झालो. न होऊन सांगतो कुणाला? इंदूआजी पदर सावरून नीट बसली. धोंडू गुरव उभाच राहिला.

बाबांनी मुठीकडे पाहिलं. आधी अंगठा सुटला. मग बोटं, थांबत थांबत. करंगळी वाकडीच राहिली. कोपर सरळ व्हायला लागलं. भरलेली गाडी पहिल्या गिअरवर घाट चढते तसा तो हात वर आला, थरथरत, मध्ये एकदा थांबला, पुन्हा निघाला. मला गाल थोडा खाली आणावा लागला, नाहीतर पोचला नसता.

तळवा गालावर टेकला. आवाज वगैरे काही नाही. पावडरीचा वास आला.

"लागली?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"लागेल. सराव पाहिजे."

"लई भारी!" पाटील सर ओरडले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. धोंडूच्या तोंडून सवयीने 'व्हय म्हाराजा' निघून गेलं.

तेवढ्यात इंदूआजी म्हणाली, "अहो ड्रायव्हर, पण कानाखाली काढायला हाच हात कशाला हवा होता? उजवा तर पहिल्यापासून धडधाकट होता की तुमचा!"

टाळ्या थांबल्या. मॅडमनी बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाटील सरांनी पाहिलं. मीही पाहिलं. आयशप्पत, इतक्या महिन्यांत हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

बाबांचा डावा हात अजून माझ्या गालावरच होता.

"उजवा स्टिअरिंगचा," ते म्हणाले. "गाडीत माणसं असताना तो सोडायचा नसतो."